धुळे ते यावल, भिंतीवरून

मंदाबाई भारंबे एस.टी.त चढल्या की आधी वरची दांडी धरतात. सीट रिकामी असली तरी. तेही डाव्या हाताने, आणि चांगला ताणून.

कंडक्टर म्हणतो, "मावशी, बसा ना, जागा आहे."

"बसते रे भो. दोन मिनिटं हा हात वर राहू दे. लय दिवस खालीच होता तो."

कंडक्टरला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तो तिकिटाचं मशीन टकटक करत पुढे सरकतो, आणि मंदाबाई पहिला स्टॉप येईपर्यंत तशाच उभ्या राहतात, जणू गाडी त्यांनीच वरून पकडून ठेवलीय.

मंदाबाई यावलजवळच्या एका गावच्या. केळीच्या बागा, चार म्हशी, आणि पितांबरभाऊंसारखा नवरा, जो दिवसातून तीन वाक्यं बोलतो, पण तिन्ही लक्षात राहतात. सहा वर्षांपूर्वी मंदाबाईंना डाव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशनची लाईट देऊन झाली. हे सगळं चाललं होतं तोवर घरात माणसांची रीघ होती. कोणी शहाळी आणायचं, कोणी अंगारा. शेवटचा डोस झाला त्या दिवशी गल्लीने पेढे वाटले. "सुटली वं मंदा, सुटली!" असं म्हणत सगळ्या जणी आपापल्या घरी गेल्या.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाबाई ओट्यावर एकट्या बसल्या होत्या. डोक्यावर केस नाहीत, हात खांद्याच्या वर जात नाही, बोटांना मुंग्या, आणि हंडा उचलायचा की नाही, लग्नाला जायचं की नाही, ब्लाउज कसा शिवायचा, हे सांगायला कोणी नाही. दवाखान्याची फाईल बंद झाली होती. पुढचं पान कोणी दिलंच नव्हतं.

मग ते पान त्यांनी स्वतःच लिहिलं, आणि काय काय खाडाखोड केली विचारू नका.

ब्लाउजचीच गोष्ट घ्या. एका बाजूला काही नाही, म्हणून पदर सारखा तिकडून घसरायचा. मंदाबाईंनी सुती पिशवी शिवून आत कापूस भरला. पण कापूस पडला हलका. वजन पाहिजे म्हणून त्यांनी त्यात घरची ज्वारी घातली. एकदम बरोबर बसली! त्या ऐटीत पुतणीच्या साखरपुड्याला पाचोऱ्याला गेल्या. वाटेत पावसात भिजल्या, ओली पिशवी बदलून बॅगेत कोंबली आणि चार दिवस पाहुणचार झोडला. घरी येऊन बॅग उघडतात तर काय, पिशवीतून हिरवे मोड डोकावताहेत.

पितांबरभाऊंनी त्या दिवसाचं पहिलं वाक्य खर्च केलं. "काहून वं, वावर कमी पडलं का?"

मंदाबाई हसल्या. आजारपणानंतर पहिल्यांदा, पोट धरून हसल्या. मग त्यांनी यावलच्या बाजारातून काचेचे बारीक मणी आणले, कापसाच्या मधोमध बसवले, आणि दुकानातल्या तराजूवर अंदाज घेत घेत पिशवी जमवली. दुकानदार म्हणाला, "काय तोलू राहिल्या, काकू?" मंदाबाई म्हणाल्या, "पुरणाचा गोळा."

तेव्हापासून त्या अशा पिशव्या शिवतात आणि लागेल तिला नेऊन देतात. जळगावच्या ज्या दवाखान्यात त्यांचा इलाज झाला तिथली रूपाली, पेशंटची विचारपूस करणारी मुलगी, तिला हे कळलं. ती अधूनमधून फोन करते. रूपाली बोलते अगदी छापील. "काकू, एक पेशंट आहेत. उपचार पूर्ण झालेत, पण त्या सर्वसाधारण जीवनात परतत नाहीयेत. आपण भेट द्याल का?"

मंदाबाई म्हणतात, "म्हंजे घरात बसून राहिली न? जाते."

असाच फोन पौषात आला. धुळ्याजवळचं गाव. ताईबाई नावाची बाई, वय एकोणपन्नास. इलाज दिवाळीला संपला. तपासणीला येत नाही, फोनवर बोलत नाही, उजवा हात सुजलाय.

मंदाबाईंनी चार केळी, दोन पिशव्या आणि व्यायामाचा कागद घेतला, आणि निघाल्या. यावल ते जळगाव एक गाडी, जळगाव ते धुळे दुसरी, पुढे रिक्षा.

दार उघडलं ते प्रेमराजने, ताईबाईच्या नवऱ्याने. धुळे डेपोत कंडक्टर. तीस वर्षं गाडीत ओरडून ओरडून त्याचा आवाज घरातही तसाच राहिलेला. "या या, आत या, पुढे सरका, दारात गर्दी करू नका!" मंदाबाई एकट्याच होत्या.

आत पाहतात तर खिडक्या बंद. खाटेखाली शेगडी. ओव्याचा धूर. खाटेवर ताईबाई, कानाला फडकं बांधलेली, अगदी बाळंतिणीसारखी. उशाशी डिंकाचे लाडू. आणि शेजारची बेबाबाई तव्यावर मिठाची पुरचुंडी तापवून तिच्या सुजलेल्या हाताला चटाचटा शेक देत होती. सून दीपमाला पंख्याने निखारे फुलवत होती.

मंदाबाईंच्या तोंडून निघालंच, "अव माय! ते ठेवा आधी खाली!"

बेबाबाईने मान वर केली. सत्तर बाळंतपणं पार पाडलेली बाई ती. "तू कोन शे वं? डॉक्टरीन शे का?"

"नाही माय. मी यावलची केळीवाली."

"मंग केळं इक. आठे बायनं दुखनं शे. आंगमातला वारा काढना पडस."

"वारा नाही तो, पानी हाये. काखेतल्या गाठी काढल्या न, त्याच्यानं पानी तुंबते. शेकलं त अजून सुजते." मंदाबाईंनी आपला डावा हात सरळ डोक्यावर नेला. "मीबी पहिल्या वर्षी शेकलाच होता. भोपळा झाला होता हाताचा. मंग दवाखान्यात बोलणी खाल्ली. हा पाहा आता."

बेबाबाईने हाताकडे पाहिलं, मग ताईबाईच्या हाताकडे पाहिलं. पुरचुंडी खाली ठेवली, पण तोंड वाकडंच.

इथपर्यंत बरं चाललं होतं. पण मंदाबाईंना घाई नडली. त्यांनी थैलीतून ती सुती पिशवी काढली आणि सगळ्यांसमोर खाटेवर ठेवली. "हे पाय, तुह्यासाठी आनलं. घालून पाय."

प्रेमराजला कळलं ते काय आहे, आणि तो असा बाहेर पळाला, जणू त्याची गाडी फलाटावरून सुटत होती. दीपमालाने डोळे खाली घातले. ताईबाईने भिंतीकडे तोंड केलं.

"घाली ठेव ते," ती भिंतीला म्हणाली. "मी कोठे जासू ते घालीसन?"

मंदाबाईंनी पिशवी उचलून थैलीत टाकली. चूक झाली होती. सहा वर्षांत इतक्या जणी पाहिल्या, तरी ही चूक झालीच. ही बाई विचारत होती ते छातीचं नव्हतं. कुठे जायचं, हे होतं.

त्यांनी केळं सोलून दीपमालाच्या हातात दिलं आणि विचारलं, "तुही सासू आधी काय काय करायची व?"

"सगळंच," दीपमाला म्हणाली. "पण मम्मींचं नाव मांड्यांनी. खापरावरचे मांडे. अक्षय तृतीया आली की पूर्ण गल्लीची आखाजी मम्मींच्या खापरावर व्हायची. सासरी गेलेल्या पोरी माहेरी यायच्या आधी फोन करायच्या, काकू आहेत ना म्हणून."

मंदाबाईंनी दारातून अंगणात पाहिलं. तीन काळ्या विटा मांडलेल्या होत्या. वर मांडे भाजायचं मातीचं खापर नव्हतं.

"खापर कुठी गेलं?"

दीपमालाने बेबाबाईकडे पाहिलं. मग भिंतीकडून आवाज आला. "दी टाकं त्यासनी. मन्हा हात गया म्हनीसन खापर दी टाकं. बेबामायले."

प्रेमराज दारातून डोकावला. कंडक्टरचा आवाज एकदम अर्ध्या तिकिटाचा झाला. "डोळ्यासमोर राहिलं असतं तर तिने उचललं असतं हो. डॉक्टर म्हणाले होते, ताण देऊ नका. मी तिला पाण्याचा ग्लासही उचलू देत नाही."

"तेच तर," मंदाबाई म्हणाल्या. त्यांना आता सगळं दिसलं. या घरात ताईबाईवर एवढी माया होती की बिचारीला हलायलाच जागा उरली नव्हती. "ऐक व ताईबाई. आखाजीले मी येनार. आंब्याचा रस आन तुह्या हातचा मांडा खानार. मी लय खाते, आधीच सांगून ठेवते."

"बेबामायना हातना खाय."

"बेबामायचा मांडा म्हणजे टायर," प्रेमराज हळूच म्हणाला.

"आयकू येस मले!" बेबाबाई कडाडली.

निघताना मंदाबाईंनी पदर खोचला आणि सहज म्हटलं, "येते मी. मले काय, अर्धं तिकीट. सरकारनं पाह्यलं, बाईची एक बाजू गेली, तिकडलं भाडं कशाले घ्या."

प्रेमराज अगदी गंभीरपणे म्हणाला, "नाही ताई, तसं नाही. ते सगळ्याच महिलांना अर्धं आहे. नियमच आहे तसा."

आणि भिंतीकडून फिस्स असा आवाज आला. ताईबाई हसली होती. तोंड भिंतीकडेच, पण खांदे हलत होते. मंदाबाई परतीच्या गाडीत तोच आवाज घोळवत बसल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी ताईबाईला दवाखान्यात नेलं. तिथल्या व्यायामाच्या मॅडमनी हाताला घट्ट बाही दिली, सूज उतरवायला वरच्या दिशेने हलका हात कसा फिरवायचा ते दीपमालाला दाखवलं, आणि भिंतीचा व्यायाम दिला. भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं मुंगीसारखी चढवत वर न्यायची, जिथे हात थांबेल तिथे खूण करायची, आणि रोज थोडं वर जायचं.

हे शेवटचं वाक्य प्रेमराजला फार आवडलं. खूण करायची म्हणजे कशी? त्याने घरी येऊन भिंतीवर खडूने उभी रेघ मारली. खाली कमरेजवळ लिहिलं 'धुळे'. त्याच्या वर 'मुकटी'. मग 'पारोळा', 'एरंडोल', 'पाळधी', आणि पार वर, हात पूर्ण ताणल्यावर पोहोचेल तिथे, 'जळगाव'. आयुष्यभर ज्या रस्त्याने तिकिटं फाडली तोच रस्ता त्याने बायकोपुढे उभा केला.

रोज सकाळी ड्युटीवर जायच्या आधी त्या घरात ओरडा सुरू व्हायचा. "चला, धुळं सुटलं! मुकटीवाले तयार राहा!" ताईबाईची बोटं निघायची. "पारोळा आला, पारोळा! उतरणारे उतरा, राहिलेले पुढे सरका!"

"वरडू नका," ताईबाई दात आवळून म्हणायची. "गल्ली गोळा व्हई."

गल्ली गोळा झालीच. दूध घालायला आलेला जीवराम विचारायचा, "वहिनी, कोठलोंग गई गाडी?" शाळेत जाणाऱ्या पोरी खिडकीतून "डबल बेल!" करायच्या. माघ संपता संपता गाडी एरंडोलला लागली. ग्लास ताईबाई स्वतः उचलत होती, मग तांब्या, मग डाव्या हाताने भरलेली बादलीही. प्रेमराज दर वेळी डोळे मिटून घ्यायचा, पण बोलत नव्हता.

आणि एरंडोलला गाडी बंद पडली.

दीपमालाचा फोन आला. "काकू, मम्मी उठतच नाहीत. आठ दिवस झाले. हात बरा आहे, पण भिंतीकडे बघतही नाहीत."

मंदाबाई गेल्या. या वेळी थैलीत काही घेतलं नाही. नुसत्या खाटेवर जाऊन बसल्या. ताईबाई भिंतीकडे तोंड करूनच बोलली.

"सोमवारले तपासनी शे. फोटो काढतीन. अजून निघनं ते? मंग कसाले चढू मी भिंतवर?"

मंदाबाईंना पटकन म्हणता आलं असतं, काही निघणार नाही. गावात सगळे तेच म्हणतात. त्यांनी तसं म्हटलं नाही.

"निघेल का नाही, मले नाही माहीत," त्या म्हणाल्या. "माह्यी तपासनी आली की मी आदल्या दिवशी घरातली सगळी भांडी घासते. घासलेली पुन्हा घासते. सहा वर्षं झाले. आमचे हे म्हणतात, ताट पातळ झालं, आरपार दिसते."

ताईबाईने वळून पाहिलं. "तुले बी भ्याव वाटस?"

"लय वाटते. जात नाही तो. त्याले मी सांगते, बस बाप्पा सीटवर, पन गाडी मी थांबवनार नाही."

सोमवारी दोघी सोबत गेल्या. रांगेत बसल्या असताना ताईबाईने मंदाबाईंची बांगडी एवढी घट्ट धरली होती की तिचा वळ उठला. डॉक्टरांनी फोटो उजेडाला लावला, पाहिला, खाली ठेवला. "सगळं ठीक आहे. सहा महिन्यांनी या." एवढंच.

उठताना ताईबाईने विचारलं. इलाजाच्या दीड वर्षात तिने पहिल्यांदा स्वतःहून काही विचारलं. "साहेब, मांडा करू का?"

डॉक्टर मुंबईकडचे. त्यांना मांडा म्हणजे मांडव वाटला असावा, कारण ते म्हणाले, "जास्त दगदग नको." मग व्यायामाच्या मॅडमना बोलावलं. त्या होत्या अमळनेरच्या. त्यांनी हात हवेत फिरवून मांडा कसा ताणतात ते डॉक्टरांना करून दाखवलं, आणि निकाल दिला. "ताणायला हरकत नाही. उलट चांगलाच व्यायाम आहे. पण धग नको. उजवा हात खापराजवळ न्यायचा नाही. चटका बसला तर त्या हाताला महागात पडेल."

ताईबाईचा चेहरा उतरला. मांडा जो ताणतो तोच खापरावर टाकतो. आईने असंच शिकवलं होतं, आणि ताईबाईने आजवर दुसऱ्या कोणाला आपल्या कणकेला बोट लावू दिलं नव्हतं. सुनेलासुद्धा नाही.

परतीच्या गाडीत ती दोन्ही हात मांडीवर ठेवून उजव्या बाहीकडे पाहत होती. पारोळा गेल्यावर म्हणाली, "दीपमालाना हात लांब शेतस." आणि मुकटीला, "पन धांदरट शे."

आखाजीच्या दिवशी मंदाबाई पितांबरभाऊंना घेऊनच आल्या. दारातच थबकल्या. अंगणात तीन विटांवर खापर पालथं घातलेलं होतं. बेबाबाईने ते सकाळीच डोक्यावर आणून दिलं होतं, आणि परत घरी गेली नव्हती, तिथेच पाट टाकून बसली होती. "ठेवी ले तुनं खापर. मन्हावर रुसेल शे ते. मांडा फाडस."

गल्लीतल्या झाडाला झोका बांधलेला, माहेरवाशिणींची गाणी चालू. पण एकेक जण झोक्यावरून उतरून अंगणाच्या कडेला येऊन उभी राहत होती.

ताईबाई खापरापासून चार हात लांब उभी. उजव्या हाताला बाही, वरून धुतलेलं मऊ फडकं गुंडाळलेलं. पदर नीट बसलेला, कुठे घसरत नव्हता. मंदाबाईंनी ते बरोबर हेरलं. ती पिशवी केव्हातरी दीपमालाने मागून घेतली होती.

ताईबाईने पुरणाचा गोळा भरला, लाटला, हातांच्या मागच्या बाजूवर घेतला आणि झुलवायला लागली. या हातावरून त्या हातावर. मांडा ताटाएवढा झाला, परातीएवढा झाला, आणि फरकन फाटला. पुरण पायावर.

झोका एकटाच हलत होता.

"पंक्चर," प्रेमराज म्हणाला. "घाबरू नका, स्टेपनी आहे."

"तुम्ही गप बसा!" ताईबाई ओरडली. आणि दुसरा गोळा घेतला.

दुसरा वाढला. कोपरापर्यंत आला. ताईबाईने उजवा हात वर नेला, खांद्याच्या वर, कानाच्या वर. मंदाबाईंची नजर मांड्यावर नव्हतीच, त्या हाताबरोबर वर चढत होती. पाळधी गेली. जळगाव आलं. मांडा इतका पातळ झाला की त्यातून उघड्या दारामागचा, आतल्या भिंतीवरचा खडूचा रस्ता दिसावा.

"दीपमाला! ये, धर. बोटं रोवू नको. तळवा! तळवा दे!"

दीपमालाने लांब हातांवर मांडा घेतला, खापराकडे धावली आणि टाकला. एक कड दुमडली.

"हाई काय टाकं वं? गोधडी अंथरी ऱ्हायनी का? मांडा शे तो! उचल कड, उचल... जळी तो! माय वं, हाई पोर मले मारी!"

दीपमालाचे डोळे पाण्याने भरले होते, आणि ती हसत होती. दीड वर्षात सासू तिच्यावर पहिल्यांदा ओरडली होती. बेबाबाई पदराने नाक पुसत म्हणाली, "आयकी ले. आते बरी व्हयनी ही."

मंदाबाई एका बाजूला उभ्या होत्या. त्यांनी काही केलं नव्हतं, असं त्या कोणालाही सांगतील. भारंब्यांच्या घरात कौतुक तोंडावर करायची रीतच नाही. पण मान अशी ताठ झाली होती की पितांबरभाऊंनी तिकडे पाहिलं, परत पाहिलं, आणि त्या दिवसाचं एक वाक्य तिथे खर्च केलं. "तुहाच मांडा फुगला वं."

"यावलवाली!" ताईबाईचा आवाज आला. "देखत काय उभी ऱ्हायनी? बस पाटवर! लय खास म्हने ना तू? देखू दे मले!"

मंदाबाई बसल्या. रसात बुडवून चार मांडे खाल्ले. पाचवा अर्धा टाकला तर ताईबाईने बोलून बोलून तोही संपवायला लावला.

हात धुवायला आत गेल्या तेव्हा भिंतीकडे नजर गेली. खडूची रेघ तशीच होती. धुळे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, जळगाव. आणि जळगावच्याही वर, जिथे टाचा उचलल्याशिवाय हात पोहोचणार नाही, तिथे एक नवा स्टॉप. 'यावल'. त्याच्यापुढे पिठाने माखलेल्या पाच बोटांचा ताजा ठसा.

संध्याकाळी गाडीत चढल्या चढल्या रूपालीचा फोन आला. तेच छापील बोलणं. "काकू, त्या ताईबाई म्हणून पेशंट होत्या ना, त्यांची नोंद करायची आहे. सध्या पेशंटची परिस्थिती कशी आहे?"

मंदाबाईंनी डाव्या हाताने वरची दांडी धरली होती, उजव्या हातात फोन, आणि पितांबरभाऊंच्या मांडीवर धोतराच्या फडक्यात बांधलेले सहा मांडे.

"रूपालीताई," त्या म्हणाल्या, "त्या पत्त्यावर पेशंट कोनी नाही राहत आता. एक भांडखोर बाई राहते. मांडे झ्याक करते."